बगळ्याच्या पाठीवरचं शहर

४ एप्रिल, शनिवार

आज घराची पाहणी केली. गॅलरीच्या कठड्याला केसाएवढी चीर आहे, न्हाणीघराचा उतार उलटा आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचं झडप बाहेर उघडायच्या ऐवजी आत उघडतं. तिन्ही शेरे हिला वाचून दाखवले.

"अहो, इतकी वर्षं राहतोय आपण इथे," ही म्हणाली. "तुम्ही निवृत्त होऊन आठवडा झाला नाही, तर लगेच घर बेकायदा?"

लोकांच्या इमारतींचे नकाशे तपासून मंजूर किंवा नामंजूर करणं हे माझं आयुष्यभराचं काम. मंजूर कमी, नामंजूर जास्त. त्यामुळे शहरात एकही इमारत कोसळलेली नाही, हे कोणी बोलून दाखवत नाही.

"एवढं बघतच आहात, तर गॅलरीत झोक्याची कडी बसेल का, तेही बघा," असं तिने जाता जाता सांगितलं. बघायची गरजच नव्हती. वरचा स्लॅब पातळ आहे. नाही म्हटलं. हा विषय ती अधूनमधून काढते आणि मी अधूनमधून नाही म्हणतो. त्यात भांडण वगैरे काही नाही.

७ एप्रिल, मंगळवार

काही नाही. कोणी काही विचारलं नाही. पूर्वी मी जिना चढायच्या आत चार जण नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन उभे असायचे. आता दूधवालासुद्धा हिलाच विचारतो.

११ एप्रिल, शनिवार

मुलगी आली. तिचा दातांचा दवाखाना आहे आणि नातीला सुट्टी लागली आहे, म्हणून रोज दुपारी नात आमच्याकडे राहणार. नातीने बरोबर एक भलामोठा खोका आणला होता. आत प्लॅस्टिकच्या रंगीत विटा. लहान मुलं त्यांना ठोकळे म्हणतात, पण ज्यावर भिंत उभी राहते त्याला वीट म्हणतात. विटेच्या वरच्या अंगाला बोंडं असतात, ती वरच्या विटेत खटकन बसतात. ना सिमेंट, ना पाणी. प्रथमदर्शनी संशयास्पद पद्धत आहे.

पुढच्या महिन्यात वाचनालयात प्रदर्शन आहे. अद्भुत गोष्टीतला एखादा प्रसंग या विटांनी उभा करायचा. एक मूल आणि घरातलं एक मोठं माणूस अशी जोडी हवी. नातीने माझी मुलाखत घेतली.

"आजोबा, तुम्हाला बांधता येतं?"

"मी बांधकामं तपासायचो."

"म्हणजे येत नाही." तिने जरा विचार केला. "चालेल. पण मी सांगीन तसं करायचं. मध्ये मध्ये बोलायचं नाही."

वय वर्षं आठ. मी आयुष्यात बरेच ठेकेदार पाहिले, पण कामगाराला इतक्या लवकर जागा दाखवणारा पाहिला नव्हता. आजपासून तिला मी ठेकेदारच म्हणणार. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. उद्या दुपारी मला काम आहे.

१३ एप्रिल, सोमवार

प्रसंग ठरला. एक अवाढव्य बगळा एका पायावर उभा राहून झोपला आहे आणि त्याच्या पाठीवर एक अख्खं शहर आहे. शेपटीच्या बाजूला राजवाडा, मानेच्या बाजूला बाजार, मधोमध वेस. वेशीवर एक राक्षस पहारा देतो. त्याचं नाव नाहीबुवा. आत येण्यासाठी, काही बांधण्यासाठी, काही बदलण्यासाठी सगळ्यांनी त्याच्यासमोर रांगेत उभं राहायचं आणि तो सगळ्यांना नाही म्हणतो.

मी म्हटलं, आधी मूळ पुस्तक दाखवा. ठेकेदार म्हणाली, "ते आजीकडे आहे."

"पुस्तक कसलं, सगळं डोक्यात आहे," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

संपूर्ण पुस्तक तोंडपाठ! एवढं पाठांतर हिने कधी केलं कोण जाणे. मुलगी लहान असताना ही तिला रात्री गोष्टी सांगायची खरी, पण मी तेव्हा हॉलमध्ये नकाशे पसरून बसलेला असायचो. मी वेशीच्या दरवाज्याची रुंदी विचारली. हिने भाजी चिरता चिरता छताकडे पाहिलं. "दोन हत्ती शेजारी शेजारी जातील एवढी. नको, दीडच हत्ती." पाठांतर केलेल्यांचं असं जरा मागेपुढे होतं. मी दीड लिहून घेतलं.

१५ एप्रिल, बुधवार

बगळ्याचं पोट झालं. ठेकेदाराने मला राक्षस बांधायला दिला. तिच्या सूचना बारीक होत्या: नाक मोठं, चष्म्याला दोरा, कानावर पेन्सिल, वाचताना ओठ हलतात. ओठ हलवणं विटांच्या आवाक्याबाहेर आहे हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं. बाकी सगळं केलं. काम चालू असताना ती सारखी वर माझ्याकडे बघत होती, मग राक्षसाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. काम नीट होतंय ना याची खात्री करत असावी. चांगली सवय आहे.

ती म्हणाली, राक्षस आतून पोकळ ठेवा, विटा वाचतील. पोकळ राक्षस मला पटला नाही. भरीव बांधला. हातात घेतला की हात खाली जातो.

या गोष्टीत मला हा नाहीबुवा सर्वांत जबाबदार वाटतो. बगळ्याच्या पाठीवर शहर, तेही एका पायावर! कोणीतरी नाही म्हणायलाच हवं. हे मी जेवताना बोललो तर हिला ठसका लागला.

१७ एप्रिल, शुक्रवार

काल मुलीचा फोन होता. ठेकेदाराला मांजरीचं पिल्लू हवंय, सुट्टीपुरतं तुमच्याकडे राहू दे का, म्हणून. नाही म्हटलं. सोफ्याला नखं.

आज रांगेत आणखी एक जण वाढला. सात तोंडांचा सर्प, त्याला पाळायला मांजर हवी आहे आणि नाहीबुवा म्हणतो, कुठल्या तोंडाला किती दूध द्यायचं ते आधी ठरवा. काल हे पात्र नव्हतं. ठेकेदार म्हणते, आजीला आजच आठवलं. पुस्तक चांगलंच जाड दिसतं.

१८ एप्रिल, शनिवार

वाचनालयात जाऊन आलो. ग्रंथपालबाईंना बगळा, शहर, राक्षस सगळं तपशिलात सांगितलं. त्यांनी दोन कपाटं उपसली. मग चष्मा काढून विचारलं, "ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

"बायकोने."

"मग पुस्तक त्यांच्याकडेच मिळेल," असं म्हणून त्या हसल्या. वाचनालयात पुस्तक नाही तर नाही म्हणावं, हसण्यासारखं काय आहे? पूर्वीचे ग्रंथपाल गंभीर असत.

२० एप्रिल, सोमवार

रांग पूर्ण झाली. सर्प आहे. खिडक्या जरा खाली घ्या, मला आत डोकावता येत नाही, असं म्हणणारा चंद्र आहे. ढोल हवा असलेलं अस्वल आहे. सायकल हवी असलेला मासा आहे. आणि सर्वांत पुढे एक गोगलगाय आहे. तिला आपल्या शंखाला गॅलरी हवी आहे आणि गॅलरीत झोका. ती इतकी वर्षं उभी आहे की तिच्या पायाखाली गवत उगवलं आहे.

गोगलगायीचा अर्ज फेटाळला हे योग्यच झालं. शंखाची जाडी बघता झोक्याचा हिसका त्याला झेपणार नाही. मी हे हिला सविस्तर समजावलं. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोगलगायीलाही ते माहीत असेल. पण कोणीतरी निदान वर चढून बघावं, एवढंच तिचं म्हणणं."

मुलगी ठेकेदाराला न्यायला आली होती. तिने नाहीबुवा पाहिला आणि हसत हसत जमिनीवर बसली. पेशंटांची तोंडं दिवसभर बघून माणसाला कशाचंही हसू येत असेल.

२२ एप्रिल, बुधवार

ठेकेदार आज मैत्रिणीकडे. शहर पाठीवर चढवलं की बगळा शेपटीकडे कलतो, कारण राजवाडा तिकडे आहे. काल तो दोनदा पडला. मी दुपारभर गणित केलं. एका पायावर हे उभं राहणार नाही. म्हणून मी राजवाड्याखाली चार खांब दिले. सुबक, करड्या रंगाचे, चारही कोपऱ्यांना. आता भूकंप झाला तरी हलणार नाही. ठेकेदार खूश होईल.

२३ एप्रिल, गुरुवार

ठेकेदार खूश झाली नाही.

टेबलाभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बगळ्याला पाच पाय?"

"चार खांब आणि एक पाय," मी दुरुस्ती केली.

"आजोबा, तो झोपलाय! झोपेत आहे म्हणून तर एका पायावर आहे! तो कधी जागा होईल याची सगळ्यांना भीती वाटते, तीच तर गोष्ट आहे!" तिचे डोळे भरून आले. "तुम्ही गोष्टच मोडलीत."

मी म्हटलं, गोष्ट मोडली असेल पण बगळा उभा आहे. हे बोलायला नको होतं. तिने डोळे पुसले आणि मला कामावरून काढून टाकलं. जोडीदार म्हणून ती आता आईला विचारणार. माझी इतक्या वर्षांची नोकरी, एक ठपका नाही. आणि इथे बारा दिवसांत बडतर्फ.

२५ एप्रिल, शनिवार

वर्तमानपत्र वाचलं. पलीकडे ठेकेदार एकटीच बगळ्याशी झटापट करत होती. तिच्या आईला दवाखान्यातून वेळ नाही. खांब तिने उपटून काढले आणि एका डब्यात घालून माझ्या खुर्चीखाली ठेवले. बगळा पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. मी वर्तमानपत्राच्या कडेने बघत होतो. उठून सांगावंसं वाटत होतं, पण सांगणार काय? माझ्याकडे खांबांशिवाय दुसरं उत्तर नव्हतं.

जोडीदार नसला तर प्रदर्शनात नाव घेत नाहीत. ती सुट्टीभर राबली आहे. आणि मी, लिहायला लाज वाटते, तिच्या एका हाकेची वाट बघत वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती दोनदा वाचल्या.

२७ एप्रिल, सोमवार

सकाळी हिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "ती रडत झोपते म्हणे."

"मग मी काय करू? एका पायावर ते पडणार. मी खोटं सांगू?"

"खोटं नका सांगू. तिच्याबरोबर पडताना बघा. तुम्ही कायम पडायच्या आधीच नाही म्हणता. एकदा पडू द्या की."

हे बांधकामशास्त्राच्या पूर्णपणे विरुद्ध आहे. तरी दुपारी मी टेबलापाशी गेलो आणि मला पुन्हा कामावर घेता का, असं विचारलं. ठेकेदाराने मला वरपासून खालपर्यंत तपासलं. "खांब?"

"खांब नाहीत."

"मध्ये मध्ये बोलणं?"

"प्रयत्न करीन."

मग आम्ही दोघांनी मिळून बगळा पाडला. पाय जाड केला, पडला. राजवाडा बुटका केला, पडला. एकदा राजवाड्याचा कळस थेट माझ्या चहात आला. तेव्हा ठेकेदार हसली आणि मग मीही. पडलेलं बांधकाम बघून हसण्याची माझी ही पहिलीच वेळ.

२८ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते माझ्या हुशारीने झालं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. वेशीची एक निखळलेली वीट बसवायची होती, म्हणून मी तिथला नाहीबुवा उचलला आणि टेबलावर विटांच्या पसाऱ्यात कुठे जागा नव्हती म्हणून बगळ्याच्या मानेवर बसवला. ठेकेदाराने नेहमीसारखा बगळ्यावरचा हात काढला. आम्ही दोघंही तो पडायची वाट बघत होतो.

पडला नाही.

शेपटीकडे राजवाडा, मानेकडे भरीव राक्षस. तराजूसारखा समतोल. मी फुंकर मारून बघितली. जरासा डुलला आणि थांबला. मी इतक्या जोरात ओरडलो की ही हातातलं लाटणं घेऊन धावत आली.

पण ठेकेदाराचा चेहरा पडला होता. "आजोबा, नाहीबुवा वेशीवरून कधीच उठत नाही. गोष्टीत तसं नाहीये."

काय हा करारीपणा! क्षणभर मला तिच्यात एक उत्तम अधिकारी दिसला. मी म्हटलं, मूळ ग्रंथाचा आधार घेऊ. शेवटच्या प्रकरणात काय होतं? आम्ही दोघांनी हिच्याकडे पाहिलं.

ही खुर्चीवर बसली. लाटणं मांडीवर. तिने मानेवरच्या राक्षसाकडे पाहिलं. मग सावकाश सांगू लागली, जणू शब्द एकेक करून शोधतेय.

"मग एक दिवस बगळा झोपेतच कलायला लागला. राजवाडा घसरायला लागला, रांगेतले सगळे ओरडायला लागले. आणि तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळलं, की गावात खराखुरा जड असा एकच माणूस आहे. इतकी वर्षं एका जागी घट्ट बसून बसून जड झालेला. पण त्याने उठायला तर हवं."

"मग उठला?" ठेकेदाराने विचारलं. मीसुद्धा विचारणार होतो.

"उठला. त्याचे गुडघे कुरकुरले. पण उठला. धावत जाऊन मानेवर बसला आणि गाव वाचलं."

"आणि वेशीवर कोणी नाही, मग रांगेतल्या लोकांचं काय झालं? तो त्यांना हो म्हणाला?"

ही उठली आणि पोळपाटाकडे गेली. "तेवढं पान मला अजून आठवत नाही," ती म्हणाली. "बघू."

१० मे, रविवार

प्रदर्शन झालं. पहिलं बक्षीस एका ड्रॅगनच्या किल्ल्याला मिळालं. आत दिवे होते. त्या किल्ल्याला बाहेर पडायचा दुसरा मार्ग नाही, आग लागली तर, आणि ड्रॅगन म्हणजे ती लागणारच, आतले लोक जाणार कुठे? मी हे परीक्षकांच्या कानावर घालणार होतो, पण ठेकेदाराने माझी बाही धरून ठेवली.

आमच्या टेबलाभोवती मात्र सर्वांत जास्त गर्दी होती. बगळा तीन तास एका पायावर उभा राहिला. कोणी जवळून गेलं की जरा डुलायचा आणि लोकांच्या तोंडून 'आई गं' निघायचं. ठेकेदार म्हणत होती तीच ती गोष्ट. खांब असते तर एकही 'आई गं' निघालं नसतं, हे मान्य करतो.

ग्रंथपालबाई पाटी लिहायला आल्या. "पुस्तकाचं नाव?"

"पुस्तक नाही," ठेकेदार म्हणाली. "आजीने रचलीय. आई लहान होती तेव्हापासून."

मी तिला दुरुस्त करायला तोंड उघडलं. तेवढ्यात गर्दीतून एक दोन-अडीच वर्षांची मुलगी पुढे आली. तिने मानेवरच्या नाहीबुवाकडे पाहिलं. मग वर माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे. मग माझ्याकडे बोट दाखवून ती जोरात किंचाळली आणि आईच्या मागे लपली.

मी चष्मा सारखा करायला हात वर नेला. बोटाला दोरा लागला. मग कानावरची पेन्सिल.

मी खाली वाकून रांग नीट पाहिली. अस्वलाचा ढोल. आमची मुलगी नऊ वर्षांची असताना तिने ढोल मागितला होता, शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून मी नाही म्हटलं होतं. माशाची सायकल. रहदारी. सर्प परवाचाच. इतकी वर्षं माझ्याच घरात, माझ्याच भिंतीपलीकडे रोज रात्री माझ्यावर गोष्ट चालू होती आणि मी हॉलमध्ये बसून लोकांचे जिने मोजत होतो!

मला राग यायला हवा होता. आलाही, थोडा. पण रांगेच्या तोंडाशी ती गोगलगाय होती आणि तिच्या पायाखालचं गवत मीच एकेक पान चिमट्याने लावलं होतं.

ही आमच्या मुलीबरोबर दाराशी उभी होती. मी वर पाहिलं तेव्हा दोघी एकदम दुसरीकडे बघायला लागल्या.

घरी येताना मी दोन पावलं पुढेच चालत होतो. हिने विचारलं, "रागावलात का हो?"

"नाक एवढं मोठं नाही माझं," मी म्हटलं.

१२ मे, मंगळवार

सकाळी ही भाजी आणायला गेल्यावर शिडी लावली आणि गॅलरीच्या छतापाशी चढलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गिलावा खरवडून पाहिला. स्लॅब पातळ आहे, हे मी म्हणत होतो ते बरोबरच. पण भिंतीपासून हातभर अंतरावर आत एक तुळई जाते. चांगली दणकट. ती तिथे पहिल्यापासून आहे. कोणी वर चढून बघितलं नव्हतं एवढंच.

१७ मे, रविवार

कडी बसवली. दोन कड्या. मिस्त्री म्हणाला, साहेब, एवढ्या जाड कडीला हत्ती टांगाल. मी म्हटलं, दीड हत्ती.

हिला बोलावलं. ती दारातच थांबली. झोक्याची फळी हाताने चाचपली, दोरी ओढून पाहिली, मग बसली आणि पाय हलकेच जमिनीवरून उचलले. कडी जराशी कुरकुरली. मी वर कडीकडे पाहिलं, पण शेरा मारला नाही.

ठेकेदार आली आणि धप्पकन आजीशेजारी बसली. "आजी, आठवलं का ते पान? शेवटी तो हो म्हणाला का?"

ही माझ्याकडे बघत होती. डोळे पाणावलेले होते, पण ओठ हसत होते. "अगं, बोलला काहीच नाही तो," ती म्हणाली. "शिडी घेऊन आला."

मग दोघी सरकल्या आणि मध्ये जागा केली. तिघांच्या भाराचं गणित मी केलेलं नव्हतं. तरी बसलो.